कथेतला पाय

दिवाळीच्या ताटात कारल्याची भाजी कुणी वाढीत नाही, आणि टीकालेख वाचण्यासाठी दिवाळी अंक कुणी विकत घेत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही संपादकांना होकार दिला, याचे कारण एवढेच की ज्या कादंबरीवर मी टीका करणार आहे ती माझीच आहे. रुसवेफुगवे झालेच तर ते घरातल्या घरात मिटतील.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. एका लहान गावच्या शाळेत मी चित्रकला शिकवितो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. काही वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीचा नायक पोस्टमन होता. रेल्वेच्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली जातो, जयपूरला त्याला कृत्रिम पाय मिळतो, आणि पुढच्याच प्रकरणात तो सायकलवर टांग मारून पुन्हा पत्रे वाटू लागतो. 'जिद्दीची विजयगाथा' असे मलपृष्ठावर छापले होते. शब्द प्रकाशकाचे, पण ते वाचून मला गुदगुल्या झाल्याच नाहीत असे म्हणणे खोटे होईल.

गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी गृहस्थ घरी आले. साठीच्या आसपासचे. ओसरीवर चपला काढल्या, सतरंजीवर ऐसपैस मांडी घातली. चहा झाला. मग म्हणाले, "गुरुजी, पुस्तक वाचलं. झ्याक हाय. पर तुमचा पोस्टमन रातच्याला पाय कुठं ठेवतो?"

मला प्रश्नच उमगला नाही. तेव्हा त्यांनी लेंगा वर सारला. डावा पाय गुडघ्याखाली जयपूरचा! आकृती न्याहाळणे हा माझा धंदा, आणि हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचा पाय मला ओळखू आला नव्हता.

"निजताना काढावाच लागतो ह्यो," ते म्हणाले. "रातीला उठायचं तर कुबडी लागती. घामानं कातडं सोलवटलं की चार रोज घरात बसायचं. वरचं मांस आटलं की वाटी ढिली पडती, मग पुन्यांदा शिबिराला जायाचं. तुमचा गडी तीनशे पानांत एकदाबी पाय काढीत न्हाई."

आजवर माझ्या लेखनावर जी काही टीका झाली, तीत हिच्याइतकी नेमकी दुसरी नाही. एका नामवंत समीक्षकांनी त्याच पोस्टमनला 'अपूर्णतेचे प्रतीक' म्हटले होते. प्रतीकाला रात्री पाय काढावा लागत नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाही सुचले नव्हते.

पुढे मी त्या पायाविषयी मिळेल ते वाचले, आणि ध्यानात आले की त्याचा जन्मसुद्धा अशाच एका टीकेतून झालेला आहे. त्याच्या आधी आपल्याकडे परदेशी घडणीचा पाय मिळे. आत लाकडाचा गाभा, टाचेत मऊ रबर, घोटा जाम. पाय चांगलाच होता; पण तो घडविणाऱ्याने एक गोष्ट मनाशी धरलेली होती, ती ही की माणूस खुर्चीवर बसतो आणि बूट घालतो. उकिडवे बसणारा, मांडी घालणारा, चिखलातून अनवाणी जाणारा माणूस त्या पायाच्या कल्पनेतच नव्हता. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात 1968 च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी दुसरा पाय घडविला. रामचंद्रजींना शाळेचे शिक्षण फारसे नव्हते. टायरच्या कामावरून त्यांना रबराची युक्ती सुचली, असे सांगतात. आत स्पंजासारखे रबर आणि लाकडाचे ठोकळे, वरून साच्यात भाजून पक्के केलेले कातडीच्या रंगाचे रबर. बोटेसुद्धा आहेत! घोट्याशी तो वळतो, म्हणून माझ्या पाहुण्यांना सतरंजीवर बसता आले. 1981 साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्रजींचे नाव मात्र माझ्या शाळेतल्या एकाही सहकाऱ्याला सांगता आले नाही. मलाही ते कादंबरी लिहून झाल्यावर कळले, म्हणून दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

आमच्या शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत दरवर्षी कुणीतरी सुधा चंद्रन यांची हकीकत सांगतोच. 1981 च्या अपघातानंतर पाय गमावलेली मुलगी जयपूरच्या पायावर पुन्हा नृत्य करू लागते. तिच्या आयुष्यावरच्या 'नाचे मयूरी' या 1986 च्या हिंदी चित्रपटात स्वतःच काम करते. हकीकत खरी आहे आणि ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो. पण आमची मुले सांगतात तेव्हा सारे काही जिद्दीनेच घडते, रबराचा उच्चारही होत नाही. मग 1968 पूर्वी ज्यांचे पाय गेले, त्यांच्यापाशी काय जिद्द नव्हती? जन्मभर कुबडीवर शेत नांगरणाऱ्यांना आपण काय म्हणायचे? शरीराला लावायचे साधन मनाच्या बळाएवढेच मोलाचे असते, हे आपल्या कथांना अजून मान्य होत नाही. आणि मान्य झालेच तर त्या थेट जादूवर जातात: नवा पाय बसविला, प्रकरण बदलले, गडी सायकलवर!

माझ्या पोस्टमनचा गुडघा मी शिल्लक ठेवला, ही तर निव्वळ लेखकाची पुण्याई. गुडघ्यावरून पाय गेला की गोष्ट कितीतरी अवघड होते. वाकणारा आणि तरीही भार पडताच दगा न देणारा सांधा हवा असतो. तसा स्वस्त सांधा स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेसाठी तयार केला, तो पुष्कळ उशिरा. 2009 साली त्याची वाखाणणी झाली. मी दोन इंच वर लिहिले असते, तर माझ्या नायकाची सायकल कुठे अडली असती, याचा मला पत्ताही नव्हता.

नव्या आवृत्तीसाठी ते प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतले आहे. पोस्टमन दिवसभराची पत्रे वाटून घरी येतो, बाजेच्या कडेला बसतो, गुडघ्यावरचा पट्टा सोडतो. इथे लेखणी अडली. पाय काढला, पण ठेवायचा कुठे? बाजेखाली, असे लिहून टाकले आणि पाहुण्यांना फोन करून वाचून दाखविले.

"बाजंखाली नगं," ते म्हणाले. "उंदरं कुरतडत्यात. फळीवर ठिवा, पितळी डब्यांच्या वळीला."