अधिक चिन्हाची चिकित्सा : सर्दीच्या संयुक्त औषधांतील उत्तेजक व अँटिहिस्टामिन

प्रस्तावना :
सर्दी-पडशाच्या गोळ्यांचे पाकीट उलटून पाहिले असता क्लोरफेनिरामाइन, फेनिलएफ्रिन, पॅरासिटामॉल, क्वचित कॅफिन अशी नावे आढळतात. औषधविक्रेत्याच्या भाषेत ती अधिक चिन्हाने जोडलेली असतात. यांपैकी क्लोरफेनिरामाइन हे गुंगी आणणारे अँटिहिस्टामिन, तर फेनिलएफ्रिन व कॅफिन ही उत्तेजके होत. एकाची गुंगी दुसऱ्याने उतरते आणि जमाखर्च बरोबर होतो, ही सार्वत्रिक समजूत आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा करावयाची आहे. लेखक भाषेचा अध्यापक आहे. परंतु औषधाचे लेबल हीदेखील एक संहिताच आहे आणि तिच्या चुकीच्या वाचनाची किंमत जिवाने मोजावी लागू शकते.

मेंदूतील रसायनव्यवहार :
हिस्टामिन केवळ शिंका आणि खाज निर्माण करत नाही. हायपोथॅलॅमसच्या मागील भागातील काही पेशी ते मेंदूभर पोहोचवतात व त्यामुळे जागेपण टिकते. जुन्या पिढीतील अँटिहिस्टामिने मेंदूत सहज प्रवेश करून हे कार्य रोखतात. त्याचबरोबर ती अ‍ॅसिटिलकोलिनलाही अडवतात. म्हणून तोंड कोरडे पडते आणि वृद्धांमध्ये विस्मरण व संभ्रम दिसतो. स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन (नोबेल पारितोषिक, २०००) यांना याच वर्गातील औषधे सेरोटोनिनचे पुनर्शोषण रोखतात असे आढळले आणि त्या धाग्यावरून झिमेलिडिन हे नैराश्यावरील औषध तयार झाले. सारांश, ‘सर्दीची गोळी’ या घरगुती नावाआड मेंदूतील किमान तीन रसायनांशी होणारा व्यवहार दडलेला आहे.

उत्तेजकांची बाजूही एकसारखी नाही. फेनिलएफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, मात्र मेंदूत ते फारच अल्प पोहोचते. म्हणजे गुंगी मेंदूत आणि उत्तेजन रक्तवाहिन्यांत! ही दोन खाती वेगळी असताना वजाबाकी कशी व्हावी? तोंडाने घेतलेले फेनिलएफ्रिन चोंदलेले नाक मोकळे करण्यास परिणामकारक नाही, असे मत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिले, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. स्यूडोएफेड्रिन मात्र मेंदूत शिरते आणि अस्वस्थता, निद्रानाश व धडधड निर्माण करू शकते. कॅफिन अ‍ॅडेनोसिनला अडवून पेंग कमी करते. परंतु रोखलेले हिस्टामिनचे कार्य त्यामुळे पूर्ववत होत नाही. काही जुनी अँटिहिस्टामिने तीव्र उत्तेजकांचा व्यसनकारक परिणाम वाढवतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. तेथे तर वजाबाकीऐवजी खरोखरीची बेरीज होते.

वर्तनावरील परिणाम :
जागे वाटणे आणि जागे असणे यांत अंतर आहे. गोळी घेऊन चहा प्यालेला चालक पाळधीवरून जाणाऱ्या महामार्गावर स्वतःला ताजातवाना समजतो. त्याचा पाय ब्रेकवर पोहोचण्यास लागणारा वेळ मात्र वाढलेला असू शकतो. लहान मुलांत चित्र कधी नेमके उलटे असते. झोप येण्याऐवजी मूल चिडचिडे, अस्वस्थ होते. आई सर्दी वाढली असे समजून आणखी एक मात्रा देण्याचा धोका संभवतो.

संहितेतील उणीव :
क्लोरफेनिरामाइन २ मि.ग्रॅ. व फेनिलएफ्रिन ५ मि.ग्रॅ. हा संयोग चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक बालकांचा खोकल्याच्या औषधाने बळी घेतला. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. मृत्यूचे कारण औषधातील डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते, हा संयोग नव्हे, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. तथापि औषधात हाच संयोग होता आणि ते लहानग्यांना दिले गेले, ही गोष्ट विषाच्या चर्चेत मागे पडली.

इशारा छापला म्हणजे पोहोचला, असे गृहीत धरणे ही या संहितेची मूलभूत उणीव होय. बारीक टायपातील इंग्रजी ओळ अहिराणी बोलणाऱ्या घरात कोण वाचणार? संयुक्त औषधे स्वस्त व सोयीची असतात, हा युक्तिवाद अमान्य करता येत नाही. परंतु सोयीसाठी तीन घटक एकत्र केले, तर तिघांचे इशारेही तितक्याच सोयीने कळावयास हवेत. केंद्र शासनाने मार्च २०१६ मध्ये ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली, प्रकरण न्यायालयात गेले आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर पुन्हा बंदी आली. अडीच वर्षांच्या या वादात सामान्य ग्राहकाच्या भाषेचा प्रश्न ऐरणीवर आला नाही.

निष्कर्ष :
१) उत्तेजक व अँटिहिस्टामिन परस्परांना रद्द करत नाहीत, बहुधा दोन्हींचे दुष्परिणाम एकाच वेळी भोगावे लागतात.
२) लेबलवरील इशारा मराठीत, ठळक अक्षरांत व वय प्रथम सांगणारा असावा : ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये.’
३) राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांत औषधाचे पाकीट वाचण्याचे प्रात्यक्षिक सहज घेता येईल. रसायनशास्त्र आणि मराठी या दोन विभागांनी ते एकत्र घ्यावे. हे अधिक चिन्ह मात्र निश्चितच निर्धोक ठरेल.