अर्जातील पाणथळ आणि काठावरील पाणथळ : उजनीच्या फुगवट्याच्या संदर्भात परवानगी-प्रक्रियेची चिकित्सा

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके पाण्याच्या योजनांनी घडविलेले आहेत. दक्षिणेकडून नीरा वाहते, इंदापूरच्या उत्तरेकडून व पूर्वेकडून भीमा जाते आणि नीरा-नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. बारामती शहरातून कऱ्हा नदी जाते, तसाच नीरा डावा कालवाही जातो. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याने इंदापूर तालुक्याची उत्तर सीमा कायमची बदलली. अनेक गावे उठली. जुने पळसदेव पाण्याखाली गेले आणि तेथील पळसनाथाचे मंदिर आता पाणी उतरले की तेवढेच दिसते.

अशा प्रदेशात पूल, रस्ता, उपसा योजना, कारखाना किंवा गृहसंकुल उभारावयाचे म्हटले की त्याचा संबंध कोणत्या ना कोणत्या पाण्याशी येतोच. त्यासाठी जो परवानगी-अर्ज तयार केला जातो, तो सामान्यतः तांत्रिक कागद मानला जातो. वस्तुतः अर्ज हीही एक संहिता आहे. तिला स्वतःची भाषा आहे, काय दिसावे आणि काय दिसू नये याचे स्वतःचे नियम आहेत. प्रस्तुत लेखात या संहितेचे वाचन उजनीच्या काठावरून केले आहे.

'पाणथळ' या शब्दाचे ओझे :

प्रथम शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. पर्यावरणविषयक कागदपत्रांच्या मराठी अनुवादात 'पाणथळ' हा शब्द संरक्षणयोग्य परिसंस्थेसाठी वापरला जातो. परंतु नीरा कालव्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या बोलीत पाणथळ म्हणजे बिघडलेली जमीन. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, निचरा झाला नाही आणि जमिनी पाणथळ व चोपण झाल्या, हा या पट्ट्याचा जुना अनुभव आहे. तेथे पाणथळ ही तक्रार आहे, ठेवा नव्हे. त्यामुळे जनसुनावणीच्या मराठी सारांशात 'प्रकल्पक्षेत्रात पाणथळ जमीन नाही' असे वाक्य आले, तर वाचणाऱ्याला ते चांगलेच वाटते. ज्याच्या रक्षणासाठी प्रश्न विचारला गेला, त्याचा अभाव हीच येथे गुणवत्ता ठरते. ग्रामस्थांना त्यांच्या भाषेत माहिती मिळावी म्हणून सारांश राज्यभाषेत देण्याची तरतूद आहे. पण शब्दाच्या या दुहेरी अर्थाने तरतुदीचा हेतूच निसटतो.

व्याख्येचा प्रवास :

केंद्र शासनाने डिसेंबर २०१० मध्ये पाणथळ क्षेत्रांविषयी नियम केले. त्यातील व्याख्येत तलाव, जलाशय, तळी यांबरोबर मानवनिर्मित पाणथळ क्षेत्रांचाही स्पष्ट उल्लेख होता. २६ सप्टेंबर २०१७ रोजी नवे नियम आले. त्यांची व्याख्या आरंभी उदार आहे. पाणथळ नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायम असो वा तात्पुरती, ती गणली जाते. मात्र याच वाक्याच्या उत्तरार्धात नदीपात्रे, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय आणि मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन व सिंचन यांसाठी खास उभारलेल्या रचना वगळल्या आहेत. म्हणजे पूर्वार्धाने जे दिले ते उत्तरार्धाने बहुतांशी परत घेतले.

या वगळणीचा निकष पाण्याचा गुणधर्म हा नसून बांधणाऱ्याचा हेतू हा आहे. भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळ येथे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत उथळ पाण्यात रोहित पक्षी चरतात, पट्टकदंब आणि चक्रवाक उतरतात. त्यांना तेथे आणणारा गाळ, त्यातील सूक्ष्म जीव आणि उथळपणा हा कोणाच्याही नियोजनाचा भाग नव्हता. धरण सिंचनासाठी बांधले गेले हे खरे. पण 'रचना' म्हणजे नेमके काय? धरणाची भिंत, की भिंतीपासून कित्येक किलोमीटर दूर साचलेला चिखलपट्टाही? नियमांच्या शब्दरचनेत याचे निःसंदिग्ध उत्तर नाही. अर्जदाराला अर्थातच दुसरा, विस्तृत अर्थ सोयीचा ठरतो.

या निकषातील विसंगती नाशिक जिल्ह्याकडे पाहिले की उघड होते. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमावरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले क्षेत्र आहे. तो बंधाराही सिंचनासाठीच होता. पुढे ते अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट होणारे महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. त्याच वर्षी लोणार आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी त्या यादीत आली. उजनी या तिहींत नाही. एका बंधाऱ्यामागचा गाळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा आणि दुसऱ्या धरणामागचा गाळ व्याख्येबाहेरचा, हा भेद निसर्गाने केलेला नाही. इस्रोच्या अंतराळ उपयोजन केंद्राने तयार केलेल्या राष्ट्रीय नकाशासंग्रहातही जलाशय हा मानवनिर्मित पाणथळीचाच एक प्रकार मानला आहे. म्हणजे विज्ञानाच्या नकाशात जे आहे, ते नियमाच्या वाक्यात नाही.

अर्जाच्या नमुन्याचे वाचन :

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेसोबत 'नमुना-१' आला. २०१८ पासून अर्ज 'परिवेश' या संगणकीय प्रणालीवर गेले आणि पुढे नमुन्यांची रचनाही बदलली; तथापि अर्ज लिहिण्याची जी सवय या नमुन्याने लावली, तिची चिकित्सा आजही उपयुक्त आहे. या नमुन्याच्या एका भागात प्रश्नांची लांब यादी आहे. जलप्रवाहांच्या रचनेत बदल होईल काय, नदी-ओढे ओलांडावे लागतील काय, गाळ काढावा लागेल काय, असे ते प्रश्न आहेत. त्यांपुढे 'होय/नाही' आणि तपशील असे रकाने आहेत. दुसऱ्या भागात संवेदनशील क्षेत्रांची नावे आणि १५ किलोमीटरच्या आतील त्यांचे हवाई अंतर विचारले आहे.

या नमुन्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो पाणथळ क्षेत्रांबरोबर 'जलप्रवाह अथवा इतर जलसाठे' यांचीही चौकशी करतो. शिवाय पक्षी-प्राण्यांची वीण, घरटी, चराई, विश्रांती, हिवाळी मुक्काम आणि स्थलांतर यांसाठी वापरात असलेली क्षेत्रे तो स्वतंत्रपणे विचारतो. या प्रश्नांना २०१७ च्या व्याख्येची अट नाही. त्यामुळे 'येथे पाणथळ नाही' हे उत्तर कायद्याच्या शब्दाला धरून बरोबर असले, तरी अर्ज तेथे संपत नाही. उजनीकाठच्या अर्जात जलसाठ्यांचा आणि हिवाळी मुक्कामाचा रकाना कोरा राहणे हे अज्ञान तरी असते किंवा लपवणूक तरी. हेतुपुरस्सर माहिती दडविल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो, अशी तरतूद याच अधिसूचनेत आहे.

नमुन्याची खरी मर्यादा हवाई अंतराच्या कल्पनेत आहे. इंदापूर येथील तहसील कचेरीच्या आवारातील झाडांवर चित्रबलाक पक्ष्यांची वसाहत आहे, तशीच ती भादलवाडीच्या तलावातही आहे. हे पक्षी घरटे एकीकडे बांधतात आणि पिलांसाठी मासे दुसरीकडून आणतात. अंतराच्या रकान्यात ही दोन स्थळे दोन स्वतंत्र बिंदू म्हणून लिहिली जातील. त्यांना जोडणारे उड्डाण कोणत्याच रकान्यात बसणार नाही. ज्या प्रकारच्या कचेरीतून जमिनीचे दाखले निघतात, तिच्याच अंगणात अर्जातून सुटलेला पुरावा बसलेला असतो.

दुसरी मर्यादा काळाची आहे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. पावसाळ्यात धरण भरते आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी मैलोगणती मागे सरकते. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते, उथळ पाण्यात पक्षी चरतात, भोई समाजाचे मच्छीमार जाळी टाकतात. येथील काठ ही रेषा नसून वर्षभर हलणारा पट्टा आहे. २०१७ च्या नियमांनी संरक्षित पाणथळीत दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत धक्के वगळता पक्क्या बांधकामास मनाई केली आहे. जलसंपदा विभागाची निळी व लाल पूररेषा अनुक्रमे २५ व १०० वर्षांतील संभाव्य पुरावर आधारलेली असते. हे सर्व निकष पाणी जास्तीत जास्त कोठवर चढते हे पाहतात. ते कोठवर उतरते आणि उतरल्यावर काय उघडे पडते, हे कोणीच विचारत नाही. उजनीचे जीवन मात्र या उतारावरच उभे आहे.

शिरसोडी-कुगाव : कसोटीचे उदाहरण

ही चर्चा केवळ पक्ष्यांपुरती नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा बळी गेला. धरणाने भीमेची दोन तीरे एकमेकांपासून तोडली आणि करमाळा व इंदापूर या तालुक्यांतील गावांना सोयरिकी, बाजार व दवाखाना यांसाठी होडीचा आधार घ्यावा लागला. शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी या वेदनेतून आली आहे. धरणासाठी जमीन दिलेल्यांना पूल हवा असेल, तर त्याला विरोध करणे हा पर्यावरणवाद नव्हे.

तथापि केंद्रीय अधिसूचनेच्या अनुसूचीत 'पूल' अशी स्वतंत्र बाब नाही. परिणामी अशा बांधकामाचा पाण्यावरील परिणाम सविस्तर मांडण्याची सक्ती सहजी लागू होत नाही. प्रश्न पूल व्हावा की नाही हा नाही. तो कसा व केव्हा व्हावा हा आहे. पायाचे काम साहजिकच पाणी कमी असताना, म्हणजे फेब्रुवारी ते जून या काळात सोयीचे असते. रोहित पक्ष्यांच्या चराईचा आणि गाळपेरीच्या पिकांचा काळही बराचसा हाच. दोन्ही बाजूंच्या भरावांनी पात्र आवळायचे की खांब वाढवून उथळ पाणी मोकळे ठेवायचे, हे आराखड्याच्या वेळीच ठरते. या गोष्टी अर्जात लिहिल्या तर खर्चाचा हिशेब करता येतो. न लिहिल्या तर त्यांची किंमत मच्छीमार आणि पक्षी मोजतात.

२०२२ मध्ये लाकडी-निंबोडी उपसा योजनेस मान्यता मिळाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातून तीव्र विरोध झाला. तो वाद मुख्यतः पाण्याच्या वाट्याचा होता. सार्वजनिक चर्चेला टीएमसीची भाषा अवगत आहे, काठाची भाषा अद्याप नाही, हेच यातून दिसते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पाणथळीची ओळख तिच्या बांधणीच्या हेतूवरून न करता तिच्या प्रत्यक्ष कार्यावरून केली पाहिजे. दुसरी, उजनीसारख्या जलाशयाजवळच्या अर्जात भरलेल्या आणि उतरलेल्या अशा दोन्ही पातळ्यांचे नकाशे असावेत; एका हंगामाची पाहणी पुरेशी मानू नये. तिसरी, हवाई अंतराबरोबर घरटी व चराईची स्थळे यांचा संबंध नोंदवावा. चौथी, मराठी सारांशात 'पाणथळ नाही' एवढ्यावर न थांबता गाळपेर, मासेमारी व पक्षी यांची स्थळे ग्रामस्थ वापरतात त्याच नावांनी लिहावीत, म्हणजे सुनावणीत त्यांना चूक दाखविता येईल.

कायदा बदलेपर्यंत यांपैकी बहुतेक गोष्टी करण्यास अर्जदाराला कोणीही मनाई केलेली नाही. नियमाने विचारले नाही म्हणून सांगितले नाही, ही सबब कागदावर टिकेलही. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले आणि पळसनाथाचे शिखर वर आले की एका पिढीपूर्वीच्या हिशेबात काय धरले गेले नव्हते, ते काठावरच्या माणसाला दिसते. पुढच्या अर्जांनी तरी तो रकाना कोरा सोडू नये.