सातबारा नसलेल्यांचा दुष्काळ

दुष्काळ हा मराठी साहित्याचा जुना विषय आहे. मात्र दुष्काळ कोणाचा, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. पाऊस न पडणे ही आपत्ती साऱ्या गावावर सारखीच कोसळते असे गृहीत धरून आपले समीक्षक 'बळीराजाच्या व्यथे'विषयी लिहीत राहिले. या शब्दप्रयोगातच मालकी दडलेली आहे. पीक ज्याचे, नुकसान त्याचे. नुकसान ज्याचे, दुःख त्याचे. आणि दुःख ज्याचे तोच कथेचा नायक. ज्याच्या नावावर बांधसुद्धा नाही तो या कथेत गडी म्हणून येतो आणि पाऊस लांबला की पानावरून नाहीसा होतो. तो गेला कुठे, हे लेखक विचारीत नाही आणि समीक्षकही नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही प्रामाणिक कादंबरी आहे, त्याविषयी वाद नको. तिच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि धनगरांची वाडी उठून जाते. ओस पडलेल्या वाडीची खंत वाचकाला भिडते. पण ती खंत पाहणाऱ्या मास्तरची आहे. गेलेली माणसे कोणाच्या रानात उतरली याच्याशी कादंबरीला कर्तव्य नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) कोरडवाहू शेतकऱ्याची कोंडी नेमकी पकडली आहे. तीही शेत असलेल्याचीच कोंडी. याच्या उलट अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' (१९५९) घ्या. तिथे उपासमार आभाळातून पडत नाही. धान्य आहे, ते कोणाच्या तरी ताब्यात आहे, आणि ते आणायला माणसे निघतात. दुष्काळाचे कुलूप कोणाच्या दाराला आहे हे अण्णा भाऊंनी दाखवले. प्रस्थापित समीक्षेने त्यात फक्त रोमांचक साहस पाहिले.

हे आज पुन्हा सांगण्याचे कारण पीकविमा. साहित्याने नुकसानीची जी व्याख्या केली तीच शासनाच्या आणि विमा कंपन्यांच्या कागदावर उतरलेली आहे. नंदुरबार जिल्ह्यात ती उघडी पडते. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथल्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. तापीकाठची भिल्लांची जमीन सावकारांच्या आणि बड्या शेतकऱ्यांच्या नावावर कशी गेली हे अंबरसिंग महाराजांच्या चळवळीने साऱ्या महाराष्ट्राला ऐकवले. ३० जानेवारी १९७२ चा शहाद्याचा भूमुक्ती मेळावा त्यासाठीच होता. सातपुड्याच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या कसलेली नेवाडे २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत सरकारी भाषेत 'अतिक्रमणे' होती. अशा मुलखात विम्याचा पहिला प्रश्न असतो, सातबारा आहे का? वाटेकऱ्याला नियमात जागा आहे. फक्त त्याने नोंदणीकृत करार आणायचा. असा करार करून देणारा जमीनमालक कोणी पाहिला आहे?

प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के खरिपात, दीड टक्का रब्बीत, ५ टक्के नगदी आणि फळपिकांना, एवढे शेतकऱ्याने भरायचे. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकारने. पाऊस जिथे बेभरवशाचा तिथे कंपनीचा दर चढा. तो इतका चढत गेला की २०२० मध्ये केंद्राने आपला वाटा जिरायत भागात ३० आणि बागायत भागात २५ टक्के दरापर्यंतच बांधून घेतला. त्याच वर्षी शेजारच्या गुजरातने योजनाच सोडली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शेतकऱ्याकडून एक रुपया घेण्याचा प्रयोग केला आणि २०२५ च्या खरिपात तो गुंडाळला. भरपाई ठरवताना मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षे धरून महसूल मंडळाची सरासरी काढतात. तिच्यावरून जे ठरते त्याला 'उंबरठा उत्पादन' म्हणतात. पीक त्याच्या खाली गेले तरच पैसे. शब्द मोठा मार्मिक आहे. धडगाव-मोलगीच्या बाजूला वाईट वर्षे जसजशी वाढतील तसतसा हा उंबरठाही खाली उतरणार. ज्याला नेहमीच थोडे पिकते, त्याचे थोडे पिकणे हे नुकसान ठरत नाही. जन्मजात दारिद्र्याला नशीब म्हणणाऱ्या जुन्या धर्मशास्त्राची आठवण व्हावी असेच हे गणित आहे.

त्याहून बोलके उदाहरण केळीचे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळी आहे. पारा ठरलेल्या अंशांच्या वर सलग ठरलेले दिवस राहिला की बागाईतदार भरपाईला पात्र होतो. कोणी बागेत येऊन घड पाहण्याचीही गरज नाही. याच उन्हात त्याच बागेत घड वाहणाऱ्या मजुराच्या पाठीला मात्र हा पारा लागू नाही. नंदुरबारच्या पथारींवर वाळत घातलेली मिरची अवकाळी पावसाने भिजली की बातमी होते ती मिरचीची. देठ खुडणाऱ्या बाईचा बुडालेला रोज बातमीत येत नाही. मजुरीचा विमा उतरवता येत नाही असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या 'सेवा' संघटनेच्या सभासद स्त्रियांना तापमान मर्यादेपलीकडे गेल्याबद्दल भरपाई मिळाली. म्हणजे तंत्र आहे. सगळ्या राबणाऱ्यांना ते लावण्याची इच्छा नाही.

मग बिनजमिनीचा माणूस काय करतो? तो उचल घेतो. पावसाळा सरता सरता मुकादम पाड्यावर येतो, उचल देतो, आणि दिवाळीनंतर कोयते बारडोलीकडे, सुरत-नवसारीच्या ऊसपट्ट्याकडे निघतात. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. तोंडाने 'एक कोयता' म्हटले की दोन माणसांचे माणूसपण एका लोखंडात संपते. कारखान्याच्या भाषेची ही किमया आपल्या भाषाशास्त्रज्ञांनी अभ्यासण्यासारखी आहे. विम्यात हप्ता आधी आणि पैसा संकटानंतर. उचलीत पैसा आधी, आणि हप्ता पुढे सहा महिने हाडांनी फेडायचा. हंगामाच्या शेवटी उचल, खावटी आणि व्याज वळते होते. उरलेले देणे पुढच्या वर्षावर पडते. पाऊस जितका दगा देईल तितकी उचल मोठी, आणि उचल जितकी मोठी तितके पुढच्या हंगामाचे गाव आधीच ठरलेले. अमेरिकेत फ्लोरिडा-कॅलिफोर्नियाकडे वादळे आणि वणवे यांमुळे घरविम्याचे दर वाढले आणि कुठे राहावे याचा हिशेब माणसे त्यावरून करू लागली, असे आज जगभर लिहिले जाते. सातपुड्यातल्या पाड्यांनी हा हिशेब कित्येक दशकांपूर्वी सुरू केला. त्यांच्या विम्याला कोणी विमा म्हटले नाही, एवढेच.

आणि हे जाणे निसर्गाच्या ओढीने झालेले नाही. १९७२ मध्ये पुरे झालेल्या उकाई धरणाने तापीच्या काठची आदिवासी गावे बुडवली. त्याच पाण्यावर सुरतेचा ऊस वाढला आणि तो तोडायला याच मुलखातली माणसे गेली. बारडोलीच्या परिसरातले हळपती भूमिहीन बेकार असताना कारखाने खानदेशातून मजूर का आणतात, हे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच मांडले. परका मजूर रात्री-अपरात्री हाकेला हजर असतो आणि भांडायला त्याच्यामागे गाव नसते.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये दोन गोष्टी शेजारी ठेवल्या होत्या. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीनदार, कूळ, भूमिहीन असा भेदच राहू नये. आणि विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा त्याच्या वेतनाच्या प्रमाणात सक्तीने उतरवला जावा. त्यांनी विमा जमिनीला बांधला नाही, राबणाऱ्या माणसाच्या वेतनाला बांधला. आपण १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले, पुढे खासगी कंपन्यांना दारही उघडले. पण वेतनाला बांधलेला सक्तीचा विमा कधी आलाच नाही.

इथे दलित समीक्षेलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. गाव सोडणे ही आपल्या आत्मकथनांत मुक्तीची वाट आहे. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) मुंबई कितीही विद्रूप असली तरी ती महारवाड्याच्या पलीकडे असते. गावाविषयी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत जे सांगितले त्याचा हा साहित्यिक अर्थ होता आणि तो खरा होता. पण नंदुरबारचा कोयता गावातून शहराकडे जात नाही. तो एका शेतातून दुसऱ्याच्या शेतात जातो, होळीला किंवा हंगाम संपल्यावर कर्ज घेऊन परत येतो, आणि पुन्हा जातो. या जाण्याला 'स्थलांतर' म्हणणे अपुरे आहे आणि 'विस्थापन' म्हणणेही. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दात आदिवासी आणि भूमिहीन मजूर घेतले खरे. त्यांच्या अनुभवाची मीमांसा मात्र आपण महारवाड्याच्या मापाने करीत आलो. शहादे तालुक्यातून, श्रमिक संघटनेच्या लढ्यातून आलेल्या वाहरू सोनवण्यांचा 'गोधड' (१९८७) हा संग्रह भिलोरी आणि मराठी अशा दोन भाषांत उभा आहे. त्यांच्या वतीने इतरांनीच बोलावे याविरुद्धची त्यांची तक्रार आपल्यालाही लागू होते. त्यांच्या कवितेचे कौतुक 'आदिवासी संवेदना' या एका खणात ठेवून आपण मोकळे झालो.

उचलीची नोंद मुकादमाच्या वहीत असते. तोडणाऱ्याचे नाव, कोयत्यांची संख्या, दिलेली रक्कम आणि एक अंगठा. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याचे नाव कागदावर येते ते बहुधा इथेच. ही वही वाचणारी मराठी कादंबरी अंगठा उठवणाऱ्याच्या घरातूनच यावी लागेल, आणि ती आली तर तिला 'आंचलिक' म्हणून बाजूला ठेवण्याची तयारी आपल्या विद्यापीठांनी आतापासूनच केलेली असेल.