तंबूतून कानपर्यंत

जत्रेत तंबूची टॉकीज बघायला कुणी जात नाही. लोक जातात ते सिनेमा बघायला. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ ही डॉक्युमेंटरी मात्र तंबूकडेच बघत बसते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजमागे अनेक वर्षं फिरून ती केली. २०१६ साली ती कान महोत्सवाच्या क्लासिक्स विभागात लागली, तिथल्या डॉक्युमेंटरी पुरस्काराच्या परीक्षकांनी तिची खास दखल घेतली, आणि पुढे ती टोरांटो-न्यूयॉर्कलाही गेली. माणसं मराठी-हिंदी बोलणारी, जागा आपल्या जत्रांची. ‘आपला माल बाहेर कसा पोचवायचा’ असं कुणी विचारलं, की याच फिल्मकडे बोट दाखवावं असं वाटतं. मला ती आवडते, पण तिच्याशी थोडं भांडणही आहे.

फिल्ममध्ये मुख्य माणसं तीन. मोहम्मद हा धंदेवाईक, हिशेबी टॉकीजवाला. बापू म्हातारे झालेले, त्यांचा ट्रक त्यांच्याहून म्हातारा. आणि प्रकाश हे प्रोजेक्टर दुरुस्त करणारे मेकॅनिक. रीळ जाऊन डिजिटल येतं, मोहम्मद बदलतो, बापू बदलू शकत नाहीत. गोष्ट एवढीच.

प्रकाश पडद्यावर आले की फिल्म जिवंत होते. आपण बनवलेल्या प्रोजेक्टरबद्दल हा माणूस ज्या उत्साहाने बोलतो, तो मी कुठल्याही प्रॉडक्ट लाँचमध्ये पाहिलेला नाही. (आमच्याकडे लाँचला केक असतो, उत्साह नसतो.) त्यांच्या हातातली प्रत्येक गोष्ट आता कुणाला नको आहे, हे आपल्याला कळतं, त्यांनाही कळतं, आणि तरीही ते नीट समजावून सांगत राहतात. निवेदन नाही, रडकं संगीत नाही. नुसते तेलकट हात आणि बोलणं.

माझं भांडण प्रेक्षकांवरून आहे. अंधारात पडद्याकडे लागलेले चेहरे या फिल्ममध्ये फार सुंदर दिसतात. मधेशियांना अशाच प्रेक्षकांच्या फोटोंसाठी वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळालेला आहे, त्यामुळे ते सुंदर दिसणारच. पण हे चेहरे दिसतात जास्त आणि बोलतात कमी. पिक्चर बकवास होता, हीरो म्हातारा झाला, तंबूत उकडतं, ही जत्रेतली खरी समीक्षा जवळजवळ ऐकूच येत नाही. बघणाऱ्या चेहऱ्याला सबटायटल लागत नाही, तो पॅरिसमध्येही कळतो. जत्रेतल्या टवाळकीला सबटायटल लागतं, आणि ते चांगलं करणं महाकठीण. शिवाय ‘रिळाच्या सिनेमाचा अंत’ हा धागा कानच्या प्रेक्षकाच्या मनात आधीच होता. फिल्मने त्याला तोच हातात दिला. हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण जे सहज प्रवास करतं तेच जास्त उरलं, एवढं दिसतं.

हा प्रश्न फक्त आपला नाही. जपानमध्ये २०११ पासून ‘टोकियो डॉक्स’ भरतं. तिथे दिग्दर्शक अर्धवट प्रकल्प घेऊन येतात आणि देशोदेशींच्या चॅनेलवाल्यांसमोर, निर्मात्यांसमोर मोजक्या मिनिटांत तो मांडतात. भागीदार मिळाला तर पैसा येतो, आणि पैशाबरोबर सूचनाही येतात. एमा रायन यामाझाकी यांची ‘द मेकिंग ऑफ अ जपानीज’ टोकियोतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेवर आहे, जपान, अमेरिका, फिनलंड, फ्रान्स अशा भागीदारीतली. त्याच चित्रीकरणातून २३ मिनिटांची ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ अ बीटिंग हार्ट’ निघाली आणि २०२५ च्या ऑस्करला नामांकन घेऊन गेली. मोठ्या फिल्ममध्ये पहिलीची आणि सहावीचीही मुलं आहेत, आणि शिस्त किती ताणायची यावरून शिक्षकांच्या मनात चाललेली घालमेल आहे. छोटीत मुख्यतः एक छोटी मुलगी आणि तिची झांज. छोटी डोळ्यात पाणी आणते, पण जपानी शाळेबद्दलचा अवघड प्रश्न मोठीतच आहे. यामाझाकींनी दोन्ही केल्या, ही हुशारी. प्रत्येकाला दोन करायला मिळत नाहीत.

हे सगळं मला इतकं का लागतं? कारण माझं गाव शिराळा. बत्तीस शिराळा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोक्यात फणा काढलेला नाग येतो. जिवंत नागांची पूजा न्यायालयाच्या आदेशानंतर बंद झाली, लोक मातीच्या नागांकडे वळले. गावाकडचा माझा एक मित्र नेमकं यावर फिल्म करतोय. नागच नाही, तर नागमंडळाची पोरं आता नागपंचमीला काय करतात? सबटायटलं मी करतो. एका ओळीत चाळीसेक अक्षरं, दोन ओळी, वाचायला दोन-तीन सेकंद. ‘आवंदा काय न्हाई बघा’ यातला हताशपणा त्या चौकटीत बसवताना आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. त्याला एका जाणकाराने सल्ला दिला की टीझरच्या पहिल्या तीस सेकंदांत नाग हवाच, जुनं फुटेज मिळव, त्याशिवाय परदेशात कुणी थांबणार नाही. सल्ला धंद्याच्या दृष्टीने बरोबरच असेल. पण फिल्म नाग नसण्यावर आहे, राव!

दुसरी वाटही आहे. आनंद पटवर्धन पिचिंगच्या रांगेत उभे न राहता स्वतःच्या बळावर फिल्म करतात. ‘जय भीम कॉम्रेड’ला त्यांनी १४ वर्षं दिली, ती तीन तासांहून मोठी आहे, शाहिरांची गाणी त्यात पूर्ण वेळ घेऊन येतात, आणि ती वस्त्या-वस्त्यांत दाखवली गेली. म्हणून ती बाहेर गेली नाही असं झालं नाही. त्यांच्याच ‘विवेक’ला २०१८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफात सर्वोत्तम डॉक्युमेंटरीचा पुरस्कार मिळाला. पण १४ वर्षं थांबणं शिराळ्याच्या पोराला परवडत नाही, त्याच्या कॅमेऱ्याचा हप्ता चालू आहे.

म्हणून मदत हवीच. मुंबईच्या मिफमध्ये २०२४ पासून डॉक फिल्म बाजार सुरू झाला, हे चांगलंच आहे. मित्राने तिथे जावं असं मी त्याला म्हणतोय. फक्त जाण्याआधी दोन गोष्टी आम्ही लिहून काढल्या आहेत. टीझर मातीच्या नागावर उघडेल. आणि करार कुणाशीही झाला, तरी शिराळ्यात, भर चौकात, फुकट खेळ लावायचा हक्क आमच्याकडे राहील. पडदा आणि स्पीकर कुणाचा आणायचा, यावर अजून वाद चालू आहे.