सुईमागची दांडी

रेकॉर्डवरच्या सुईचं कौतुक सगळे करतात. तिला धरणाऱ्या दांडीला कुणी विचारत नाही. तिचं नाव कॅन्टिलिव्हर. काम एकच : सुईची थरथर जशीच्या तशी मागे पोचवायची. म्हणजे दांडी हलकी हवी आणि ताठही. हे दोन गुण एकत्र माणसांतसुद्धा सापडत नाहीत!

ॲल्युमिनियम स्वस्त, पण उंच स्वरांना जरा लवतं. म्हणून शुअर कंपनीनं १९८२ च्या 'व्ही-१५ टाइप फाइव्ह'ला बेरिलियमची नळी दिली : वजनाला कमी, ताठपणाला कितीतरी जास्त. जपानच्या डायनाव्हेक्टरनं तर हिऱ्याचीच दांडी केली. हिरा ॲल्युमिनियमपेक्षा जड; पण लांबी अवघी १.७ मिलिमीटर. एवढ्याशा हिऱ्यावर कोणती बँक कर्ज देईल?

खरी गोम पुढेच आहे. शुअरनं २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. बेरिलियमची दांडी मोडली, की कारखान्यातली नवी सुई विसरा; मग शौकीन बोरॉनवर भागवतात. माझ्या मते आधी सुईचं टोक पाहावं, मग दांडीची जात. टोक झिजलेलं असेल तर दांडी हिऱ्याची असून उपयोग काय? नथ हिऱ्याची असली म्हणून गळा गोड होत नाही.