पांढरी चारमधले स्वप्न : शुमानच्या ‘ट्रॉयमराय’ची लय

रॉबर्ट शुमानच्या ‘ट्रॉयमराय’बद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : ती एफ मेजरमध्ये आहे आणि ती संथ आहे. पहिली खरी आहे. दुसरी शुमानने कुठेही लिहिलेली नाही.

१८३८मध्ये रचलेल्या ‘किंडरत्सेनेन’ म्हणजे ‘बालदृश्ये’ या संचातल्या तेरा तुकड्यांपैकी हा सातवा, बरोबर मधला. पियानोवर एकट्याने वाजवायचा. शीर्षके आपण मागाहून दिली, असे शुमाननेच सांगून ठेवले आहे. त्यामुळे ‘स्वप्नरंजन’ या नावावरून लय ठरवणे म्हणजे पाटी वाचून घर कसे असेल ते सांगणे. त्याने लयीसाठी शब्द लिहिला नाही, आकडा लिहिला : मिनिटाला १०० मात्रा. पुढे त्याची पत्नी, स्वतः थोर पियानोवादक असलेल्या क्लारा शुमान यांनी संपादित केलेल्या आवृत्तीत तो ८० झाला. मैफलींत आज तो पुष्कळदा ५०-६०च्या घरात ऐकू येतो. शुमानचा मेट्रोनोम बिघडला होता, ही गोष्ट फार जुनी आहे. ती खरी मानली तरी क्लाराबाईंचा आकडा उरतोच, आणि तोही आजच्या रिवाजापेक्षा बराच चढा आहे.

हिशेब करून पाहू. चार मात्रांचे २४ बार, त्यांतले पहिले आठ दोनदा. म्हणजे १२८ मात्रा. शुमानच्या लयीत ७७ सेकंद, क्लाराबाईंच्या लयीत ९६, आणि ५०च्या लयीत अडीच मिनिटांहून थोडे जास्त. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर उल्हासनगरहून सुटलेली लोकल अंबरनाथला लागायच्या आत शुमानच्या लयीत हा तुकडा दोनदा ऐकून होतो, रिवाजी लयीत एकदाच. फरक चवीचा म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही.

पट्टीचे काय? एफ म्हणजे आपली पांढरी चार. आपल्याला षड्ज कुठेही धरण्याची सवय. भाव रागात असतो, पट्टीत नसतो, हे आपण गृहीतच धरतो. अंबरनाथ-बदलापूरच्या क्लासांतल्या कीबोर्डवर तर ट्रान्सपोजचे बटणच असते. ते दाबावे आणि पांढरी चारची बोटे ठेवून काळी एक वाजवावी. युरोपात मात्र प्रत्येक पट्टीला स्वभाव असतो असे मानणारे होते. शुबार्टने (गाणी रचणारा शूबर्ट वेगळा) एफ मेजरच्या वाट्याला सौजन्य आणि शांतता दिली होती. शुमानने १८३५मध्ये या विषयावर लिहिताना असे ठरीव तक्ते मान्य केले नाहीत. पट्टीला काहीच अर्थ नसतो हेही मानले नाही. ‘ट्रॉयमराय’पुरते मला वाटते, शांतता पट्टीत नाही, चालीत आहे, आणि चाल तर सारखी वर चढू पाहते.

सुरांतच पाहा. मंद्र पंचमावरून षड्जावर येऊन स्वर थांबतो. मग नि सा ग प करत एका श्वासात तार षड्ज. तिथून वळणे घेत खाली. दुसऱ्या वेळी तीच सुरुवात, तोच चढ, पण या खेपेस उडी तार षड्ज ओलांडून तार गंधारावर जाते. मधल्या भागात हाच आकार मध्यमाला षड्ज मानून, म्हणजे बी फ्लॅटवर येतो, छाया मायनरची पडते आणि पुन्हा घरी परततो. सगळी गंमत ‘या वेळी कुठवर’ या प्रश्नात आहे. तो प्रश्न कानाला पडायला आधीची उडी लक्षात राहायला हवी. लय फार ओढली की नि सा ग प हे चार सुटे, सुंदर स्वर उरतात. चढ उरत नाही.

या चालीचे सौंदर्य उलगडून दाखवताच येत नाही, असे १९२०मध्ये हान्स फित्सनरने लिहिले. आल्बान बेर्गने त्याच वर्षी उत्तरादाखल ती स्वर-स्वर सोडवून दाखवली. मी बेर्गच्या बाजूचा. ‘शब्दांत न सांगता येणारे’ म्हणून हात जोडले की वादक हमखास लय उतरवतो. भावपूर्ण म्हणजे संथ, हे समीकरण आपल्या भावगीतांच्या श्रोत्यांनाही चांगले ठाऊक आहे.

तरीही १९८६मध्ये मॉस्कोत म्हाताऱ्या होरोविट्झने हा तुकडा वाजवला ते ध्वनिचित्रण पाहताना माझा युक्तिवाद क्षणभर लंगडा होतो. समोरच्या श्रोत्याच्या गालावरून अश्रू ओघळतो. पण ते वादन बालपणाचे नाही. साठ वर्षांनी मायदेशी परतलेल्या माणसाचे आहे. शुमानने हे लिहिले तेव्हा तो २८चाही नव्हता.

माझी पसंती ८०च्या आसपासची. १००ला आतले स्वर एकमेकांच्या पायांत येतात, विशेषतः बाविसाव्या बारमध्ये. तिथे शेवटची उडी पुन्हा तार गंधारावर पडते, पण खाली या खेपेस रे, तीव्र मध्यम, धैवत आणि सा उभे असतात आणि वर थांबण्याची खूण. अख्ख्या तुकड्यात शुमानने मुद्दाम थांबायला सांगितलेली ही जागा. आधीपासूनच थांबत थांबत आलेल्याला इथे आणखी काय थांबता येणार?