211व्या परिच्छेदाशी थांबलेली शाळा

पोप फ्रान्सिस यांचं ‘लौदातो सी’ हे परिपत्रक 2015 साली आलं. एकूण 246 परिच्छेद. सगळे वाचलेली माणसं थोडी, पण 211वा परिच्छेद न वाचताही तुम्हाला पाठ असेल, कारण शाळेतल्या पर्यावरणाच्या तक्त्यांवर तोच असतो. प्लास्टिक टाळा, पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, झाडं लावा, उगाच दिवे जळत ठेवू नका. त्याच प्रकरणात फक्त आठ परिच्छेद पुढे, 219मध्ये, पोप म्हणतात की एकेकट्या माणसाने स्वतःला सुधारून हे भागणार नाही. सगळ्यांचा प्रश्न सगळ्यांनी मिळून, संघटित होऊनच हाताळावा लागेल. कॅथलिक शाळांमधलं ‘सृष्टीची निगा’ हे काम 211शी सुरू होतं आणि बहुतेकदा तिथेच संपतं. माझी तक्रार या थांबण्याबद्दल आहे.

तुमच्यातले काही जण सिंगापूरच्या ईस्ट कोस्टला वाढलात. काहींची धाकटी भावंडं आजही तिथे शाळेत जातात. कातोंगच्या पट्ट्यात जुन्या मिशन शाळा आहेत. द ला साल ब्रदर्सनी 1933 साली सुरू केलेली सेंट पॅट्रिक्स आहे, कातोंग कॉन्व्हेंट आहे. मराठी घरातली, कॅथलिक नसलेली मुलंही अशा शाळांमध्ये प्रार्थनेला उभी राहतात. घरी त्याचं कुणाला वावगं वाटत नाही, ‘संस्कार चांगले असतात’ म्हणून उलट कौतुकच होतं. मग या संस्कारात नक्की काय येतं, हे विचारायला आपण कॅथलिक असायची गरज नाही. ते पत्रही पोपनी फक्त कॅथलिकांना लिहिलेलं नाही, पृथ्वीवर राहणाऱ्या सगळ्यांना उद्देशून लिहिलंय.

सेवेसाठी सगळ्या शाळांचा सरकारी सांगाडा एकच: व्हॅल्यूज इन अ‍ॅक्शन, म्हणजे व्हीआयए. सेकंडरीत त्याचे तास मोजले जातात, लीप्स 2.0च्या तक्त्यात जातात, आणि एकूण कामगिरी उत्तम ठरली तर ज्युनिअर कॉलेज किंवा पॉलीच्या प्रवेशात दोन बोनस पॉइंट मिळतात. ईस्ट कोस्ट पार्कमधली किनारा सफाई या सांगाड्यात चपखल बसते. हातमोजे, चिमटे, पिशव्या, शेवटी वजन आणि ग्रुप फोटो.

मुलांनी कचरा उचलू नये असं मी म्हणत नाही. पण तोच किनारा कंत्राटी सफाई कामगार रोज झाडतात. त्यांच्याशी बोलणं, त्यांना पगार किती आणि दुपारी ते सावलीला कुठे बसतात हे विचारणं या उपक्रमात क्वचितच बसतं. गोळा केलेला कचरा पुढे जाळला जातो आणि राख सेमाकाऊ बेटाच्या भरावात जाते. तो भराव 2035च्या सुमारास भरेल असा सरकारी अंदाज आहे. तिथे पूर्वी गाव होतं, माणसांना उठवून मुख्य बेटावर आणलं गेलं. पृथ्वीचं दुखणं आणि गरिबाचं दुखणं वेगळं काढता येत नाही, हा ‘लौदातो सी’चा गाभाच आहे. मग पिशवी भरली की सेवा पूर्ण झाली, असं या पत्राला धरून तरी म्हणता येत नाही.

आणि तो किनारा? तो 1966 नंतर बनवलेला आहे. बेडोकच्या बाजूच्या टेकड्या कापून ती माती समुद्रात ओतली गेली. सेंट पॅट्रिक्स मुळात समुद्राकाठची शाळा होती. समुद्र तिच्यापासून दूर नेला गेला, मध्ये मरीन परेडचे टॉवर आले, हायवे आला, पार्क आला. ज्या वाळूतून मुलं स्ट्रॉ वेचतात ती वाळू इथे कशी आली, हा खरं तर पहिल्या दिवसाचा धडा व्हायला हवा.

आता वसईकडे या. 211च्या पलीकडे गेलेली श्रद्धा कशी दिसते, त्याचं मराठीतलं उदाहरण तिथलं आहे, आणि ते या पत्राच्या पंचवीसेक वर्षं आधीचं आहे. 1980च्या दशकाच्या शेवटी वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांसाठी मोकळा होऊ लागला. वाड्यांमधलं गोडं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं, बावखलं बुजू लागली. समुद्राकाठच्या जमिनीत अति उपसा झाला की विहिरी खारट होतात, हे वाडीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, हजारोंचे मोर्चे निघाले, आणि झाडा-पाण्याबरोबर भूमाफियांविरुद्धही उघड बोललं गेलं.

मला यातला एक भाग फार महत्त्वाचा वाटतो. टँकर भरून देणाऱ्या विहिरी गावातल्याच होत्या, विकल्या जाणाऱ्या जमिनीही. म्हणजे धर्मगुरूला आपल्याच धर्मग्रामाशी वाईटपणा घ्यावा लागणार होता. ग्रुप फोटोसाठी हे फार सोयीचं नाही! लढा जिंकला असंही म्हणवत नाही. 2011च्या जनगणनेत वसई-विरार शहर 12 लाखांवर गेलं होतं, आणि नालासोपाऱ्याकडे बघून हिरवं काही आठवतही नाही. तरी पाणी कुणाचं, हा प्रश्न तिथे धर्माच्या भाषेत जाहीरपणे विचारला गेला. हेच दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते धर्मगुरू आहेत म्हणून तेव्हा आक्षेप घेणारे बरेच होते. 2024च्या जुलैमध्ये ते गेले.

तुम्ही म्हणाल, वसई ठीक आहे, सिंगापूरमध्ये मोर्चा कोण काढणार? खरंय. तिथे मिरवणुकीला परवाना लागतो, आणि हाँग लिम पार्कमधल्या सभेत परदेशी नागरिकाला सामील होता येत नाही. 2019ची हवामान रॅली तिथे झाली, तेव्हा आईबाबांच्या वर्क पासवर राहणारी मराठी मुलं कायद्याने कुंपणाबाहेरच होती. ही अडचण मोठी आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण वर्गात प्रश्न विचारायला परवाना लागत नाही. त्याच पत्राच्या 55व्या परिच्छेदात पोप वाढत्या एअर कंडिशनिंगचं नाव घेऊन बोलतात. सिंगापूरच्या शाळेसाठी याहून जवळचा परिच्छेद कुठला? तो भिंतीवर लावलेला मी अजून पाहिला नाही. एसीच्या थंडाव्यात तो वाचायला जरा अवघडच जाईल म्हणा.

आणि एक प्रश्न तर दारातच उभा आहे. 2023च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने ‘लाँग आयलंड’ची योजना मांडली. वाढत्या समुद्रापासून बचाव आणि गोड्या पाण्याचा साठा व्हावा म्हणून ईस्ट कोस्टसमोर सुमारे 800 हेक्टर नवी जमीन. तांत्रिक अभ्यासाला पाच वर्षं धरली आहेत, 2024पासून. त्या वर्षी सेकंडरी वनमध्ये गेलेली मुलगी अभ्यास संपेल तेव्हा अठराची असेल. बचावाची गरज खरी आहे, सखल बेटाला ती नाकारता येणार नाही. पण भराव म्हटला की वाळू आली. मलेशियाने 1997 साली, इंडोनेशियाने 2007 साली आणि कंबोडियाने 2017 साली सिंगापूरला जाणारी वाळू थांबवली होती. नद्या आणि किनारे खचतात, मच्छीमारांचं पोट जातं, या तक्रारी त्यामागे होत्या. यावेळची वाळू कुठून येणार आणि तिथे कोण राहतं, हे शोधायला त्या मुलीला तिच्या शाळेने व्हीआयएचे किती तास दिले, ते तिच्या लीप्सच्या तक्त्यात बघता येईल.